वाढ जास्त झाली, तरी विचारा

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही अंगणवाडीत लेकरू काट्यावर उभे राहते, उंचीच्या मापाला पाठ टेकते आणि दोन आकडे सेविकेच्या मोबाइलमध्ये जातात. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला तेव्हा हे काम वहीतून पडद्यावर गेले. त्यामागची चिंता मात्र जुनीच राहिली: कोण खुजे राहिले, कोण वाळत चालले, कोणाला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे. कोरडवाहू शेती, वारंवारचा दुष्काळ आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असलेल्या जिल्ह्यात ही चिंता असायलाच हवी. पण तिने आपल्याला एक सवय लावली आहे. आकडा खाली घसरला की विचारपूस होते, वर चढला की सगळे निर्धास्त होतात. तीन वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या मुलीएवढी दिसू लागली, तर घरचे तिला उफाड्याची म्हणतात, शेजारीण दृष्ट काढायला सांगते आणि ‘उंची फार वाढली’ म्हणून कोणी दार ठोठावत नाही. संप्रेरके सोडणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठी मुलांमध्ये वाढतात त्या या निर्धास्तपणाच्या आड. जिल्ह्याच्या आरोग्य आणि बालविकास यंत्रणेने आज हाती असलेले हेच आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत आणि त्यांच्या जोडीला आईला दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी योजनाही लागत नाही.

ॲड्रिनल ग्रंथी दोन, दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर. बाहेरचा थर कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि पुरुषी गुणांची संप्रेरके बनवतो. आतला गाभा ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन. मोठ्या माणसात बाहेरच्या थरातली गाठ कित्येकदा गप्प असते आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित सापडते. लहान मुलांत सहसा असे होत नाही. त्यांच्यातल्या दहापैकी नऊ गाठी संप्रेरके ओतत राहतात आणि त्याचा परिणाम अंगावर उमटतो. १९९० मध्ये सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीतल्या २५४ मुलांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली निम्मी मुले साधारण सव्वातीन वर्षांच्या आतली होती, मुली मुलग्यांपेक्षा दीडपटीहून जास्त होत्या आणि ८४ टक्के मुलांमध्ये पुरुषी संप्रेरकांची लक्षणे होती. ही लक्षणे म्हणजे जांघेत किंवा काखेत केस, चेहऱ्यावर मुरूम, घामाला मोठ्या माणसासारखा वास, जाडसर झालेला आवाज, मुलीच्या बाह्य जननेंद्रियात बदल, मुलाच्या लिंगाची अकाली वाढ आणि झपाट्याने वाढणारी उंची. ताप नाही, पोटदुखी नाही. मूल जेवते, खेळते, उलट जरा जास्तच दांडगे दिसते. मुलग्यांच्या बाबतीत एक खूण तर कुठल्याही डॉक्टरला नुसत्या हाताने तपासता येते. मुलगा खरोखर वयात येत असेल, तर आधी वृषणे वाढतात. केस आले, लिंग वाढले आणि वृषणे मात्र बाळाचीच राहिली, तर बहुतेक वेळा संप्रेरक भलतीकडूनच येते आहे. ही वाढ टिकाऊही नसते. हाडांची टोके लवकर जुळतात आणि उपचार झाला नाही तर आज वर्गात सर्वांत उंच असलेले मूल मोठेपणी ठेंगणे राहते.

वेळेला इथे किती किंमत आहे, ते अमेरिकेतल्या मुलांच्या कर्करोग गटाने केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसते. गाठ लहान आणि पूर्ण काढता येण्याजोगी असताना, म्हणजे पहिल्या टप्प्यात, सापडलेल्या मुलांपैकी सुमारे ९५ टक्के मुले पाच वर्षांनंतर हयात होती, आणि त्यांच्यावर सुरुवातीला शस्त्रक्रियेखेरीज दुसरा कुठला उपचार केला नव्हता. रोग फुप्फुसात किंवा यकृतात पसरल्यावर आलेल्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांवर उतरले. त्या टप्प्यावर औषधांचा माराही करावा लागतो. त्यातले मायटोटेन हे डीडीटी या कीटकनाशकाच्या कुळातले, ॲड्रिनलच्याच पेशी मारणारे औषध. ते लहान मुलाला महिनोन्‌महिने देणे हे घरच्यांचे आणि डॉक्टरांचे दोघांचेही सत्त्व पाहणारे काम आहे. ९५ आणि १६ यांच्यामधले अंतर सगळे उशिरामुळेच पडते असे म्हणता येणार नाही, काही गाठी मुळातच उग्र असतात. पण ज्या आजाराची खूण आईला आंघोळ घालताना दिसते, त्यात उशीर व्हावा याला वैद्यकीय सबब पुरेशी नाही.

सगळ्याच गाठी मुलाला उंच करत नाहीत. कॉर्टिसॉल जास्त सोडणारी गाठ उलटे करते: चेहरा गोल होतो, गाल लाल होतात, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक राहतात आणि उंची जिथल्या तिथे थांबते. जास्त खाल्ल्याने लठ्ठ झालेले मूल सहसा उंचीलाही बरे असते. वजन चढते आणि उंची अडते, ही जोडी दिसली की थांबून बघायचे. इथे आपला ‘बाळसे धरले’ हा आनंद फसवा ठरू शकतो. तरीही अशा प्रत्येक मुलाच्या पोटात गाठ शोधायला धावू नये, कारण या रूपाचे सर्वांत मोठे कारण गाठ नव्हे, बाहेरून शरीरात गेलेले स्टिरॉइड आहे. सर्दी-खोकल्यावर किंवा वजन वाढावे म्हणून चिठ्ठीविना दिलेले बीटामेथासोनचे थेंब, लंगोटाच्या चट्ट्यांवर आठवडेच्या आठवडे चोळलेले क्लोबेटासोलचे मलम, दम्यावरची म्हणून मिळालेली बिननावाची पुडी. कायद्याने अशा औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. व्यवहारात काय लागते ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून गोल चेहऱ्याच्या मुलाबाबत पहिला प्रश्न ‘कोणते मलम, कोणते थेंब?’ हा असावा, आणि सोबत ताकीद असावी की सापडले तरी ते एका दिवसात बंद करायचे नाही. बाहेरून कॉर्टिसॉल मिळत राहिले की स्वतःच्या ग्रंथी झोपी जातात. औषध एकदम तोडले तर मूल उलट्या, ग्लानी आणि घसरत्या रक्तदाबाने जिवावर बेतेपर्यंत जाऊ शकते.

आतल्या गाभ्यातली फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ तिसऱ्याच वाटेने येते, आणि सहसा थोड्या मोठ्या मुलांत. डोके दुखते, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, मूल पांढरेफटक पडते. शाळकरी मुलाचे डोके दुखले की आपण चष्म्याच्या दुकानात जातो, पोरगी असेल तर ‘अभ्यास टाळते’ हेही ऐकवतो. रक्तदाब मोजण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण रक्तदाब हा म्हाताऱ्यांचा आजार अशी आपली ठाम समजूत. या गाठीच्या बहुतेक मुलांचा रक्तदाब मात्र सतत चढलेला असतो. मुलाच्या दंडाला बसेल असा लहान पट्टा आणि पाच मिनिटे शांत बसवणे, एवढ्याने तो कळतो.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो वजनदार आहे. जगभरात ॲड्रिनलच्या बाह्य थराच्या गाठी दर दहा लाख मुलांमागे वर्षाला ०.२ ते ०.३ एवढ्याच आढळतात. २०११ च्या जनगणनेत जालन्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. पंधरा वर्षांखालची मुले सहा-साडेसहा लाख धरली, तर जिल्ह्यात असे मूल पाच ते आठ वर्षांतून एखादे निघेल. ॲनिमियाने फिकटलेल्या मुली आणि तीव्र कुपोषित बालके समोर असताना या एका मुलासाठी यंत्रणेला कामाला लावायचे का? फक्त या गाठीसाठी म्हणाल तर मुळीच नाही. पण ही लक्षणे एकट्या गाठीची नाहीत. जन्मजात ॲड्रिनल विकार, ज्याला डॉक्टर सीएएच म्हणतात, त्याचेही दर्शन हेच: अकाली केस, अकाली उंची, मुलीच्या जननेंद्रियाची संदिग्ध घडण. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली, तेव्हा त्याचे प्रमाण ५,७६२ बाळांमागे एक निघाले. जालन्यात वर्षाला तीस-पस्तीस हजार जन्म धरले, तर पाच-सहा बाळे दर वर्षी. त्यांतली काही पहिल्या महिन्यातच उलट्या-जुलाबाच्या नावाखाली दगावतात, काही निदानाविना वाढतात. मेंदूतल्या कारणाने अकाली वयात येणारी मुले, थायरॉइड मंद झाल्याने लठ्ठ आणि खुजी राहिलेली मुले, किडनीच्या आजाराने रक्तदाब चढलेली मुले, स्टिरॉइडने फुगलेली मुले ही सगळी याच खुणांच्या दारातून येतात. दुर्मिळ आजारांची यादी एकेक करून वाचली की प्रत्येक नगण्य वाटतो. लक्षणाच्या बाजूने मोजायला लागलो की जिल्ह्यात दर वर्षी कित्येक घरे निघतात.

दुसरा आक्षेप बालरोगतज्ज्ञांकडून येतो: सहा-सात वर्षांच्या मुलीला थोडे केस येणे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, तुम्ही उगाच घबराट माजवाल. हेही खरे आहे, म्हणून चाळणी नीट लावायला हवी. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांच्या आत ही चिन्हे दिसली तर डॉक्टरने पाहावे, हा सर्वमान्य नियम. त्यातही वय पाचच्या आत असेल, बदल आठवड्या-महिन्यांत झपाट्याने झाले असतील, उंचीची रेघ आधीची वाट सोडून वर सरकली असेल किंवा जननेंद्रियात बदल असेल, तर घाई करायची. सात वर्षांच्या, रेघ न सोडलेल्या मुलीला सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे. घाईच्या मुलांनाही सुरुवातीला मोठे काही लागत नाही. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे हाडांचे वय सांगतो, पोटाची सोनोग्राफी मोठी गाठ दाखवते, रक्तात डीएचईए सल्फेट, टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएचपी ही संप्रेरके पाहिली की गाठ आणि सीएएच बऱ्याच अंशी वेगळे करता येतात. पहिल्या दोन तपासण्या जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यात आहेत. घबराटीची भीती मला दुसऱ्या बाजूने वाटते. जालना जिल्ह्यात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वर्षांच्या सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. जिथे थोराड दिसणारी मुलगी हा काळजीचा विषय ‘हिचे आता उरकून टाकू’ या दिशेने जातो, तिथे आठ-दहा वर्षांच्या पोरीच्या अंगातला बदल घरात लपवला जातो, शाळा सुटते, डॉक्टर मागे राहतो. आजाराचे नाव उच्चारले गेले तर अशा मुलीला त्रास कमीच होईल.

मग विचारणार कोण? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासायचे असते. पथकात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता अपेक्षित आहेत. कार्यक्रमाच्या तपासणी-पत्रकात पाळी उशिरा येणे आहे, पण अकाली वयात येणे नाही. ही त्रुटी दिल्लीतून दुरुस्त व्हायची तेव्हा होईल. पथकाच्या स्त्री डॉक्टरने आईला बाजूला घेऊन ‘अंगावर वयाआधी केस, मुरूम, घामाचा वास असे काही दिसले का’ एवढे विचारायला मात्र कोणाच्या परवानगीची गरज नसावी. आईची लाज आडवी येईल ही शंका मला फारशी पटत नाही. लाज बहुधा न विचारल्यामुळे टिकते. खरी अडचण वेगळी आहे. उंचीचा वेग कळायला तेच मूल दोनदा मोजले गेले पाहिजे, आणि अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडची कित्येक मुले नोव्हेंबर ते एप्रिल पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर असतात. त्यांचा आकडा इथे कोरा राहतो आणि तिथे नवा म्हणून चढतो. पोषण ट्रॅकरची नोंद मुलासोबत जाऊ शकते, पण ती नेण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. शाळेत गेलेल्या मुलांचे तर आकडे पहिलीनंतर सलग असे कुठे राहतच नाहीत, ही तक्रार ॲड्रिनलपुरती नाही.

निदानानंतर पैशांचा आणि अंतराचा प्रश्न उभा राहतो. एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे: ओळख जवळ व्हावी, शस्त्रक्रिया जवळ होऊ नये. मुलांच्या ॲड्रिनल गाठीत सुई घालून तुकडा काढला किंवा काढताना तिचे आवरण फाटले, तर पहिल्या टप्प्याचा रोग पोटभर सांडू शकतो. फिओक्रोमोसायटोमाची तऱ्हा याहून कडक. आधी एक-दोन आठवडे प्राझोसिनसारखी अल्फा-ब्लॉकर औषधे देऊन रक्तदाब आटोक्यात आणल्याशिवाय, आणि त्यानंतरच गरज पडली तर बीटा-ब्लॉकर दिल्याशिवाय, भूल दिली तर टेबलावरच घात होऊ शकतो. ज्यांनी अशा गाठी पूर्वी हाताळल्या आहेत त्यांच्याकडेच मूल गेले पाहिजे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय साठेक किलोमीटरवर आहे; मुंबईत १९२६ पासूनचे केईएम आणि त्याचा अंतःस्रावशास्त्र विभाग, १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे पाच लाखांचे आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च हा पूर्वीसारखा डोंगर राहिलेला नाही. अडते ते त्याच्या अलीकडे. योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला पावते. दाखल होण्याआधीच्या संप्रेरकांच्या तपासण्या खासगी प्रयोगशाळेत स्वतःच्या खिशातून होतात, आणि ‘रिपोर्ट घेऊन या’ या वाक्यापाशी बरीच कुटुंबे परत फिरतात. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या नऊ इतर महाविद्यालयांसोबत सुरू झाले. सात-आठ संप्रेरकांच्या तपासण्या तिथे मोफत होणे आणि महिन्यातून एकदा दूरदृश्य पद्धतीने मुंबईच्या अंतःस्राव तज्ज्ञाचा सल्ला मिळणे, या मागण्या नव्या इमारतीच्या मागणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

शस्त्रक्रियेनंतरही जिल्ह्याचे काम संपत नाही. कॉर्टिसॉल सोडणारी गाठ काढली की दुसऱ्या बाजूची, आतापर्यंत दबलेली ग्रंथी जागी व्हायला महिने लागतात. तोवर मुलाला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या रोज द्याव्या लागतात, ताप आला तर दोन-तीन पट, उलट्या झाल्या तर इंजेक्शनने. मुंबईच्या वॉर्डात हे नीट समजावलेले असते. पण तेच मूल पुढच्या हंगामात आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत असेल आणि रात्री त्याला जुलाब लागतील, तेव्हा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला हे माहीत असायला हवे. मुलाजवळ मराठीत छापलेले एक कार्ड आणि केंद्रात हायड्रोकॉर्टिसोनची कुपी, एवढ्यावर तो जीव अवलंबून असतो.

काही जण याहून पुढे जाऊन विचारतात, ब्राझीलप्रमाणे जन्मतःच जनुकीय चाचणी का करू नये? ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या पाराना राज्यात टीपी५३ या जनुकातला आर३३७एच हा एक जुना बदल पिढ्यान्‌पिढ्या पसरला आहे, आणि तिथे या गाठी जगाच्या दहा ते पंधरा पट आढळतात. १ लाख ७१ हजारांहून अधिक नवजात बाळे तपासली तेव्हा ४६१ बाळांत तो निघाला. ज्या कुटुंबांनी नियमित तपासणी मान्य केली, त्यांच्यातल्या गाठी पहिल्याच टप्प्यात सापडल्या. मराठवाड्यात असा एकच एक पसरलेला बदल असल्याचा पुरावा नाही, म्हणून सरसकट चाचणी ही इथे उधळपट्टी ठरेल. पारानाचे अनुकरण करायचे ते चाचणीत नव्हे, पाठपुराव्यात. गाठ सापडलेल्या मुलाच्या कुटुंबाला मात्र जनुकीय सल्ला मिळालाच पाहिजे, कारण जगभरच्या आकड्यांनुसार या गाठीच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांमध्ये टीपी५३ चा जन्मजात बदल असतो, आणि बहुतेकांना तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी वर्णिलेल्या या आनुवंशिक अवस्थेत घरातल्या इतरांनाही कमी वयात कर्करोग होण्याची शक्यता मोठी असते, स्त्रियांना विशेषतः स्तनांचा. अशा घरात रेडिएशनचा उपचार शक्यतो टाळायचा असतो आणि बदल असलेल्या बाईने विशीतच दर वर्षी स्तनांचा एमआरआय सुरू करायचा असतो. टाटा रुग्णालयात यासाठी कर्करोग आनुवंशिकी विभाग आहे. लेकराची फाइल घेऊन तिथे गेलेल्या आईने स्वतःचेही रक्त देऊन यावे, हे तिला जालन्यातच सांगितले गेले पाहिजे, कारण लेकरू बरे झाल्यावर ती स्वतःसाठी दुसऱ्यांदा मुंबईला जाणार नाही.